आयपीओ लागला की नाही? समभाग वाटपाची तपासणी पद्धतशीरपणे कशी करावी

आयपीओसाठी, म्हणजे कंपनीच्या पहिल्या सार्वजनिक भागविक्रीसाठी, अर्ज करून, यूपीआयवरचा मॅन्डेट, म्हणजे पैसे राखून ठेवण्याची परवानगी, मंजूर करून खात्यातली रक्कम राखून ठेवली गेली, की अर्जदाराच्या हातात वाट पाहण्यापलीकडे काही उरत नाही. मग बँकेचा एखादा संदेश येतो, ब्रोकरच्या ॲपमध्ये काहीतरी बदललेले दिसते, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात कुणीतरी 'मला लागला' असे लिहितो आणि आपल्या अर्जाचे काय झाले याचा अंदाज बांधणे सुरू होते. वास्तविक अंदाजाची येथे काहीच गरज नसते. कोणत्या अर्जदाराला किती समभाग मिळाले याची नोंद त्या आयपीओच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे निबंधकाकडे, होते आणि ती प्रत्येक अर्जदाराला विनामूल्य पाहता येते. बँकेचे संदेश, ॲपमधली स्थिती आणि डीमॅट खात्यातली शिल्लक या सगळ्या त्या नोंदीच्या मागून येणाऱ्या खुणा आहेत. त्या कधी लवकर दिसतात, कधी उशिरा, आणि काही वेळा दिशाभूलही करतात. म्हणून तपासणी निबंधकापासून सुरू करावी आणि बाकीच्या खुणा तिच्याशी ताडून पाहाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

निकाल नेमका कधी कळतो

१ डिसेंबर २०२३ पासून उघडणाऱ्या सर्व सार्वजनिक भागविक्रींना सेबी या बाजार नियामकाने अर्जाची मुदत संपल्यानंतर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी शेअर बाजारात नोंदणी, म्हणजे लिस्टिंग, करणे बंधनकारक केले आहे. पूर्वी यासाठी सहा कामकाजाचे दिवस लागत. आता मुदत संपल्यानंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी वाटप ठरते, दुसऱ्या दिवशी पैसे वळते किंवा मोकळे होतात व समभाग डीमॅट खात्यात जमा होतात, आणि तिसऱ्या दिवशी समभागाचे व्यवहार सुरू होतात.

पुण्याच्या बजाज हाउसिंग फायनान्सचा आयपीओ या वेळापत्रकाचे स्वच्छ उदाहरण आहे. ९ सप्टेंबर २०२४ रोजी खुला झालेला हा ६,५६० कोटी रुपयांचा आयपीओ ११ सप्टेंबर, बुधवारी बंद झाला. १२ सप्टेंबरला, गुरुवारी वाटप ठरले, शुक्रवार समभाग जमा करण्यात गेला आणि शनिवार-रविवार सोडून सोमवारी, १६ सप्टेंबरला लिस्टिंग झाले. मधल्या सुट्ट्या मोजायच्या नाहीत, हे विसरले तर नाहक काळजी वाटते. टाटा टेक्नॉलॉजीज या पुण्याच्याच कंपनीचा आयपीओ २४ नोव्हेंबर २०२३ रोजी, शुक्रवारी बंद झाला. पण पुढच्या सोमवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी असल्यामुळे वाटप मंगळवारी, २८ तारखेला झाले आणि लिस्टिंग गुरुवारी, ३० तारखेला.

वाटपाच्या दिवशी सकाळपासून संकेतस्थळ उघडून बसण्यात अर्थ नसतो. सेबीच्या वेळापत्रकानुसार त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत बाद अर्ज वेगळे काढून वाटपाचा आधार, म्हणजे कुणाला किती समभाग द्यायचे ते, ठरवायचा असतो आणि त्याला शेअर बाजाराची मंजुरी रात्री नऊपर्यंत मिळायची असते. त्यामुळे निकाल बहुधा संध्याकाळनंतर, अनेकदा रात्री उशिरा दिसू लागतो. ज्या आयपीओला लाखो अर्ज आलेले असतात (बजाज हाउसिंगला सुमारे ८९ लाख अर्ज आले होते), त्या वेळी निबंधकाचे संकेतस्थळ मंदावते. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तरी काहीही बिघडत नाही, कारण ठरलेला निकाल बदलत नाही.

तपासणीआधी हाताशी ठेवायची माहिती

पॅन क्रमांक, अर्ज क्रमांक आणि डीमॅट खात्याचा क्रमांक, या तीनपैकी कोणताही एक पुरेसा असतो. पण तिन्ही लिहून ठेवावेत, कारण एकाने नोंद सापडली नाही तर दुसऱ्याने सापडते. अर्ज क्रमांक ब्रोकरच्या ॲपमधील आयपीओच्या विभागात किंवा अर्जाची नोंद झाल्यावर आलेल्या संदेशात व ई-मेलमध्ये मिळतो. बँकेच्या नेटबँकिंगमधून थेट अस्बा पद्धतीने (म्हणजे रक्कम आपल्याच खात्यात राखून ठेवून) अर्ज केला असेल, तर त्याची पावती डाउनलोड करून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

डीमॅट क्रमांकाच्या बाबतीत थोडी सावधगिरी लागते. तुमचे खाते सीडीएसएल या डिपॉझिटरीत, म्हणजे समभाग इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सांभाळणाऱ्या संस्थेत, असेल, तर तो सलग सोळा अंकी क्रमांक असतो. एनएसडीएलमध्ये असेल, तर आधी 'आयएन' ही दोन अक्षरे व सहा अंक मिळून डीपी आयडी, आणि त्यानंतर आठ अंकी क्लायंट आयडी अशी रचना असते. निबंधकाच्या पानावर आधी डिपॉझिटरी निवडावी लागते आणि त्यानुसार रकाने बदलतात. एनएसडीएलचा खातेदार सीडीएसएलच्या रकान्यात क्रमांक भरून 'नोंद सापडत नाही' असे उत्तर मिळवतो आणि अर्जच पोहोचला नाही असे समजतो, हा प्रकार वारंवार घडतो. शक्य असेल तेथे पॅनने शोधणे हाच सर्वांत सोपा मार्ग होय.

निबंधक कोण, आणि त्याच्या पानावर काय करायचे

प्रत्येक आयपीओचा निबंधक ठरलेला असतो व त्याचे नाव माहितीपत्रकाच्या पहिल्या पानांवरच, व्यवस्थापक बँकांच्या नावांसोबत छापलेले असते. ब्रोकरच्या ॲपमध्येही आयपीओच्या तपशिलात ते आढळते. मोठ्या भागविक्रींमध्ये प्रामुख्याने दोन नावे दिसतात: हैदराबादची केफिन टेक्नॉलॉजीज आणि मुंबईची एमयूएफजी इनटाइम. दुसरी कंपनी पूर्वी लिंक इनटाइम या नावाने ओळखली जात असे; म्हणून जुन्या लेखांत किंवा चित्रफितींत लिंक इनटाइमचे नाव आले तर गोंधळून जाऊ नये. यांखेरीज बिगशेअर सर्व्हिसेस, कॅमिओ, स्कायलाइन, माशितला, पूर्वा शेअररजिस्ट्री अशा कंपन्याही हे काम करतात. लघु व मध्यम उद्योगांच्या, म्हणजे एसएमई आयपीओंमध्ये ही नावे अधिक दिसतात.

केफिनच्या आयपीओ-स्थिती पानावर गर्दी विभागण्यासाठी एकाहून अधिक लिंक दिलेल्या असतात. एक चालली नाही तर दुसरी उघडावी. सगळ्यांमागची नोंद एकच असते. तेथे यादीतून कंपनीचे नाव निवडायचे, अर्ज क्रमांक, डीमॅट खाते किंवा पॅन यांपैकी एक पर्याय घ्यायचा, क्रमांक भरायचा, चित्रातली अक्षरे टंकायची आणि 'सबमिट' दाबायचे. एमयूएफजी इनटाइमच्या पानावरही क्रम असाच आहे. यादीत कंपनीचे नावच दिसत नसेल, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की वाटप अजून ठरलेले नाही किंवा ते संकेतस्थळावर चढवलेले नाही. अशा वेळी दुसऱ्या निबंधकाचे पान शोधत फिरू नये. तुमचा अर्ज ज्याच्याकडे नाही, तो तुम्हाला काहीच सांगू शकत नाही.

पॅन टंकताना मोकळी जागा पडलेली नाही ना, 'ओ' हे अक्षर आणि शून्य यांची अदलाबदल झालेली नाही ना, हेही एकदा पाहावे. घरातील चार जणांच्या नावे अर्ज केलेले असतील तर प्रत्येकाचा पॅन स्वतंत्रपणे तपासावा लागतो. परदेशी राहणाऱ्या अर्जदारांनाही हीच पद्धत लागू आहे.

पडद्यावर आलेले उत्तर कसे वाचावे

उत्तरात साधारणतः अर्जदाराचे नाव, अर्ज क्रमांक, अर्जाचा प्रवर्ग, मागितलेले समभाग आणि मिळालेले समभाग हे रकाने असतात. यातला शेवटचा आकडा महत्त्वाचा. बजाज हाउसिंगचा एक लॉट, म्हणजे अर्जातला किमान गठ्ठा, २१४ समभागांचा होता आणि ७० रुपये दराने त्याची किंमत १४,९८० रुपये होत होती. अशा आयपीओत 'मागितलेले २१४, मिळालेले २१४' असे दिसले, की पूर्ण लॉट लागला. 'मागितलेले ४२८, मिळालेले २१४' असे दिसले, तर दोनपैकी एक लॉट मिळाला आणि १४,९८० रुपये मोकळे होणार. मिळालेल्या समभागांपुढे शून्य असेल, तर समभाग लागले नाहीत. वाटपानंतर उरलेले सुटे समभाग काही यशस्वी अर्जदारांना एकेक करून दिले जातात, त्यामुळे लॉटच्या पटीत न बसणारा आकडा दिसला तर तो चूक समजू नये.

प्रवर्गाकडेही लक्ष द्यावे. बजाज हाउसिंगमध्ये बजाज फायनान्स व बजाज फिनसर्व्ह यांच्या भागधारकांसाठी स्वतंत्र राखीव हिस्सा होता. अशा आयपीओत एकाच व्यक्तीने भागधारक म्हणून एक आणि किरकोळ गुंतवणूकदार म्हणून दुसरा असे दोन अर्ज करणे माहितीपत्रकातील अटींप्रमाणे चालते, आणि मग पॅनने शोधल्यावर दोन नोंदी दिसतात. एकीवर शून्य पाहून पान बंद करू नये.

'नोंद सापडत नाही' हे उत्तर मात्र शून्यापेक्षा वेगळे आहे आणि त्याची स्वतंत्र चौकशी करावी लागते. क्रमांक बरोबर असूनही, कंपनीचे नाव यादीत असूनही आणि तिन्ही पर्यायांनी शोधूनही नोंद मिळत नसेल, तर अर्ज निबंधकापर्यंत पोहोचलाच नाही किंवा पैसे राखून ठेवले गेले नाहीत, अशी शक्यता असते.

शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून पडताळणी

येथे मुंबई शेअर बाजाराचे संकेतस्थळ उपयोगी पडते. त्याच्या गुंतवणूकदारांसाठीच्या विभागात अर्जाची स्थिती पाहण्याचे पान आहे. 'इक्विटी' हा प्रकार निवडून, यादीतून कंपनीचे नाव घेऊन, अर्ज क्रमांक किंवा पॅन भरल्यावर तेथे उत्तर मिळते. निबंधकाचे पान उघडत नसेल तेव्हा हा चांगला पर्याय ठरतो. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर बोली, म्हणजे अर्जातली मागणी, तपासण्याची सोय आहे.  माझ्या मते या सोयीचा खरा उपयोग वाटपाच्या आधीच होतो: आपली बोली बाजाराच्या यंत्रणेत नोंदली गेली आहे की नाही, हे भागविक्री चालू असतानाच पाहून घेतले तर चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो.

बँकेच्या संदेशांवर किती विसंबावे

सर्वाधिक गैरसमज येथे होतात. अस्बा पद्धतीत पैसे अर्ज करताना खात्यातून जात नाहीत; ते खात्यातच राहतात, बचत खात्यावरचे व्याजही चालू राहते, फक्त ती रक्कम वापरता येत नाही. वाटपानंतर मिळालेल्या समभागांपुरती रक्कम वळती होते आणि उरलेली मोकळी होते. वेळापत्रकाप्रमाणे ही कामे वाटपाच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी दुपारी पूर्ण व्हायची असतात.

खात्यातून लॉटच्या किमतीएवढी रक्कम वजा झाल्याचा संदेश आला, तर आयपीओ लागल्याची ती बरीच भक्कम खूण आहे. 'मॅन्डेट रद्द झाला' असा संदेश आला, तर बहुतेक वेळा समभाग लागलेले नसतात. परंतु संदेश न येणे याला काहीच अर्थ नसतो. काही बँका रक्कम मोकळी करायला दिवसाअखेरपर्यंत वेळ घेतात, त्यामुळे 'अजून पैसे अडकलेले आहेत, म्हणजे लागला असेल' हा तर्क फसवा आहे. तसेच यूपीआय ॲपमध्ये मॅन्डेट 'ॲक्टिव्ह' दिसणे हे वाटपाचे लक्षण नव्हे. तो मॅन्डेट अजून बंद केलेला नाही, इतकेच त्यातून कळते.

डीमॅट खात्यात समभाग दिसणे

समभाग जमा होण्याचे काम वाटपाच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरे व्हायचे असते. सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडून मोबाइलवर संदेश येतो. त्यात खात्याचे शेवटचे अंक, समभागांची संख्या आणि कंपनीचे नाव असते. ब्रोकरच्या ॲपवर ते लगेच दिसतीलच असे नाही, कारण अनेक ब्रोकर लिस्टिंगच्या सकाळीच शिल्लक अद्ययावत करतात. खात्री हवी असेल तर डिपॉझिटरीची स्वतःची सेवा वापरावी: सीडीएसएलची 'ईझी' आणि एनएसडीएलची 'आयडियाज'. दोन्हींमध्ये ब्रोकरवर अवलंबून न राहता आपली शिल्लक थेट पाहता येते, आणि आयपीओ असो वा नसो, प्रत्येक डीमॅट खातेदाराने ही नोंदणी करून ठेवावी, असे मी आवर्जून सांगेन.

जमा झालेले समभाग लिस्टिंगपूर्वी विकता येत नाहीत. लिस्टिंगच्या दिवशी सकाळी नऊपासून दर ठरवण्याचे विशेष सत्र असते आणि नियमित व्यवहार दहा वाजता सुरू होतात. त्याच दिवशी विकायचे असेल, तर आणखी एक गोष्ट आदल्या रात्री पाहून ठेवावी. ब्रोकरला डीडीपीआय हे अधिकारपत्र दिलेले नसेल, तर विक्रीसाठी डिपॉझिटरीचा टीपिन, म्हणजे व्यवहाराचा गुप्त क्रमांक, आणि मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. टीपिन विसरला असेल तर ऐन घाईत तो नव्याने मागवत बसावे लागते.

समभाग का लागत नाहीत

किरकोळ गुंतवणूकदारांची, म्हणजे दोन लाख रुपयांपर्यंत अर्ज करणाऱ्यांची मागणी उपलब्ध समभागांपेक्षा जास्त झाली, तर आधी प्रत्येक वैध अर्जदाराला किमान एक लॉट देता येतो का ते पाहिले जाते. अर्जदारच उपलब्ध लॉटपेक्षा जास्त असतील, तर संगणकीय सोडत काढली जाते. समजा, या प्रवर्गासाठी एक लाख लॉट आहेत आणि वैध अर्ज आठ लाख आले. मग एक लाख अर्जदारांना प्रत्येकी एक लॉट मिळेल आणि सात लाखांना काहीच मिळणार नाही. या सोडतीत एका लॉटचा अर्ज आणि तेरा लॉटचा अर्ज यांची शक्यता अगदी सारखी असते. म्हणूनच मोठी मागणी असलेल्या आयपीओत एकाच नावावर जास्त लॉट मागून काही साधत नाही. घरातील प्रत्येकाचा स्वतःचा पॅन, स्वतःचे डीमॅट आणि स्वतःचे बँक खाते वापरून वेगवेगळे अर्ज केल्यास शक्यता खरोखर वाढते. उलट एकाच पॅनवर एकाच प्रवर्गात दोन अर्ज केले, तर ते बाद होण्याचा धोका असतो.

सोडतीपर्यंत न पोहोचता बाद होणाऱ्या अर्जांची कारणे बहुतेक टाळता येण्यासारखी असतात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मॅन्डेट मंजूर न करणे, दुसऱ्याच्या बँक खात्यातून पैसे राखून ठेवणे, पॅन आणि डीमॅटवरील तपशील न जुळणे, डीमॅट खाते बंद किंवा गोठलेले असणे आणि अंतिम दरापेक्षा कमी दराने बोली लावणे, ही त्यांतली प्रमुख. पतीच्या यूपीआयवरून पत्नीच्या नावाचा अर्ज करण्याची सवय अनेक घरांत आहे. त्रयस्थ खात्याची पडताळणी होते आणि असा अर्ज बाद होतो. किरकोळ गुंतवणूकदाराने 'कट-ऑफ' दराचा, म्हणजे जो अंतिम दर ठरेल तो मान्य असल्याचा, पर्याय निवडला, तर दराचा प्रश्न उरत नाही.

सोडत नेमकी कशी झाली हे पाहायचे असेल, तर वाटपाच्या आधाराची जाहिरात वाचावी. ती इंग्रजी व हिंदी दैनिकांबरोबर कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय जेथे असेल तेथील प्रादेशिक भाषेच्या दैनिकातही येते. त्यामुळे महाराष्ट्रातील कंपन्यांची ही जाहिरात मराठी वृत्तपत्रांत छापली जाते. तिच्यातील तक्त्यात प्रत्येक प्रवर्गात किती वैध अर्ज आले, प्रत्येक यशस्वी अर्जदाराला किती समभाग दिले आणि किती अर्जांमागे एक निवडला गेला, याचे गुणोत्तर असते. किती अर्ज बाद झाले, हेही त्यात नमूद असते. आपल्यावर अन्याय झाला असे ज्यांना वाटते, त्यांनी तक्रार करण्यापूर्वी हा तक्ता जरूर पाहावा.

बनावट लिंक आणि 'हमखास वाटप'

वाटपाच्या दिवशी 'तुमचा आयपीओ लागला, येथे तपासा' अशा लिंक फिरतात. वाटप पाहण्यासाठी ओटीपी, यूपीआय पिन किंवा बँकेचा पासवर्ड कधीही लागत नाही. तो मागणारे पान ताबडतोब बंद करावे. निबंधकाचे संकेतस्थळ माहितीपत्रकात छापलेल्या पत्त्यावरूनच उघडावे. परदेशी संस्थांच्या खात्यातून आयपीओचे समभाग हमखास मिळवून देतो असे सांगणाऱ्या ॲपपासून सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्टपणे सावध केले आहे. कोणत्याही ब्रोकरला किंवा मध्यस्थाला सोडतीचा निकाल बदलता येत नाही, त्यामुळे असे आश्वासन देणारा माणूस खोटे बोलत आहे, हे निश्चित समजावे.

पैसे किंवा समभाग मिळाले नाहीत तर

निबंधकाच्या नोंदीत समभाग मिळाले नाहीत असे दिसत असूनही मुदत संपल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांनंतर पैसे अडकलेलेच असतील, तर आधी आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करावी. या विलंबासाठी बँकेने दररोज १०० रुपये किंवा अर्जाच्या रकमेवर वार्षिक १५ टक्के, यांतील जी रक्कम जास्त असेल ती भरपाई म्हणून द्यायची असते. पंधरा हजारांच्या अर्जावर १५ टक्क्यांचे व्याज दिवसाला सहा रुपयांच्या आसपास येते, म्हणून लहान अर्जदाराला दररोज १०० रुपयांचा दरच लागू होतो. तक्रारीत तो स्पष्टपणे मागावा.

समभाग लागल्याची नोंद आहे, पैसेही वळते झाले, पण डीमॅटमध्ये काहीच जमा नाही, अशी स्थिती असेल तर तक्रार निबंधकाकडे करायची असते. त्याचा ई-मेल पत्ता व दूरध्वनी माहितीपत्रकात असतो. तक्रारीत अर्जदाराचे नाव, अर्ज क्रमांक, पॅन, डीपी आयडी व क्लायंट आयडी, मागितलेले समभाग, राखून ठेवलेली रक्कम, यूपीआय आयडी आणि ज्याच्यामार्फत अर्ज केला त्या ब्रोकरचे किंवा बँकेचे नाव द्यावे; सोबत निबंधकाच्या पानाचे आणि बँकेच्या नोंदीचे छायाचित्र जोडावे. समाधान न झाल्यास सेबीच्या स्कोर्स या तक्रार संकेतस्थळावर जावे. १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या त्याच्या नव्या आवृत्तीत संबंधित संस्थेने २१ दिवसांत तक्रारीचे निराकरण करणे अपेक्षित आहे. उत्तर पटले नाही, तर दिलेल्या मुदतीत पुनर्विचार मागता येतो आणि त्यापुढे ऑनलाइन तंटा निवारणाचा, म्हणजे स्मार्ट ओडीआरचा मार्गही खुला असतो.